तारांवरचा हात

दार लॉर्कननेच लावलं, यात वाद नाही. वारा सुटला होता, पाऊस तिरपा येत होता, पाठीवर कातड्यात गुंडाळलेला हार्प होता, दोन्ही हातांत म्हातारीची बोचकी होती, ही सगळी कारणं त्याने पुढे ज्याला त्याला ऐकवली. पण मॅक्रॅनलांच्या घराचं ते ओकचं जाड दार टाचेने मागे लोटणारा पाय त्याचाच, आणि त्या क्षणी चौकटीवर असलेला डावा हात त्या म्हातारीचा, गोर्मलाचा.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

गोर्मला ओरडली नाही. हात छातीशी धरून तिने विचारलं, "हार्पला लागलं का?"

"नाही, बाई."

"मग दार उघड आणि मला आत घे. आणि या खेपेला मी सगळीच्या सगळी आत आल्याशिवाय लावू नकोस."

आत चुलीच्या उजेडात बेव्हिनने तो हात पाहिला. बेव्हिन म्हणजे त्या घरची कारभारीण. कोंबड्यांपासून मालकांपर्यंत सगळ्यांना तिचा धाक. तिने हात उलटासुलटा केला, बोटं शाबूत असल्याचं बघितलं आणि मग तिचा चेहरा पडला. तीन नखं मुळापासून गेली होती.

दुसऱ्या कुणाची गेली असती तर बेव्हिनने लोणी चोळून विषय मिटवला असता. पण हार्पच्या तारा पितळेच्या. बोटाच्या मांसाने छेडल्या तर घोंगडीवर टिचकी मारल्यासारख्या वाजतात. नख लागलं की घंटेसारख्या घुमतात. गोर्मलाने आयुष्यात बटाटा सोलला नव्हता की भांडं घासलं नव्हतं. झोपताना दोन्ही हात लोकरीच्या पिशव्यांत घालून झोपायची. म्हातारी चिंध्यांत आणि हात मात्र राणीचे, असं लोक म्हणत. त्यातून हार्प टेकायचा डाव्या खांद्याला, वरच्या तारा डाव्या हाताकडे, म्हणजे सगळी चाल डाव्या हाताची. उजवा खालून नुसता हुंकार देणार. मोडायचीच होती तर उजवी तरी मोडायची, असा एक विचार लॉर्कनच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"कधी वाढतील?" त्याने विचारलं.

"वसंतात," गोर्मला म्हणाली.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. सुरुवातीला घोगरं, मग लांबलचक, मग काहीतरी फाटल्यासारखं. तिघांनीही माना वर केल्या, आंधळ्या गोर्मलानेसुद्धा.

"वसंतापर्यंत ते कसले थांबताहेत," बेव्हिन म्हणाली.

म्हातारे मालक ओवेन मॅक्रॅनल कापणीच्या दिवसांपासून अंथरुणाला खिळले होते. घरचा कर्ता उताराला लागला की हार्पवाल्याला बोलावणं धाडायचं, ही त्या मुलखाची रीत. माणूस गेला की हार्पवाल्याने उशाशी बसून ज्याचा त्याचा ठरलेला विलाप वाजवायचा आणि मगच तिरडी उचलायची. विलाप वाजला नाही तर गेलेला माणूस वेशीपर्यंत जातो आणि परत येतो. मग तो गोठ्याच्या दाराशी उभा राहतो. गाई आटतात. अशी दोन-चार घरं सगळ्यांच्या माहितीतली होती, आणि त्यांच्यावरून जाताना लोक बोलणं बंद करत.

"मग यालाच वाजवावं लागेल," गोर्मला म्हणाली.

"याला?" बेव्हिन लॉर्कनकडे वळली. "याला दार लावता येत नाही, म्हातारे!"

गोर्मला मूळची दलदलीच्या कडेची. बाप काळ्या मातीची ढेकळं कापून, वाळवून जळणासाठी विकायचा. देवीच्या साथीत तिचे डोळे गेले. आंधळ्या पोरीपुढे त्या मुलखात दोनच वाटा: एक भीक मागायची, दुसरी हार्प शिकायची. "आणि दुसरीवर चालताना मधूनमधून पहिलीही लागते," असं ती हसत सांगायची. बापाने तिला मुरिन नावाच्या आंधळ्या हार्पवालीच्या हवाली केलं. शिकवणी अशी, की मुरिनच्या हातांवर हात ठेवायचे आणि ते जातील तिकडे जायचं. चुकलं की त्याच हाताची थप्पड. मुरिनची थप्पडही म्हणे तालात असायची.

त्यानंतर गोर्मला या घरातून त्या घरात फिरत राहिली. विलोच्या झाडाच्या अख्ख्या ओंडक्यातून कोरून काढलेला तो हार्प पाठीवर, पुढे कुणीतरी वाट दाखवणारं. घरं ती वासावरून ओळखायची. इथे ईल मासा धुरवतात, इथले कुत्रे ओले असतात, इथली मालकीण नवऱ्याशी बोलत नाही. शेवटचं वासावरून कसं कळतं, असं लॉर्कनने एकदा विचारलं होतं. "रश्श्यात कांदा नसतो," ती म्हणाली होती. अलीकडे घरंच कमी होत चालली होती. कुठे छप्पर उतरलेलं, कुठे नवे मालक आलेले आणि त्यांना व्हायोलिन हवं असलेलं. गोर्मलाच्या शिष्यांपैकी एक अमेरिकेला गेला, एक वारला, एकीने लग्न करून नखं कापली. तिसरीचं दुःख गोर्मलाला सर्वांत जास्त होतं. उरला लॉर्कन. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, त्याच देवीने एक डोळा नेलेला, बापाच्या धंद्यात बोटं राठ झालेली आणि मिशा आल्यावर शिकायला आलेला. नाचाच्या चाली त्याला येत. लग्नात, बारशात तो निभावून न्यायचा. विलाप मात्र तिने त्याला अजून दिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जागा स्वयंपाकघराचीच, कारण बाकी घरात बोटं गारठायची. आणि स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर मालकांची खोली.

"आधी नियम ऐक," गोर्मला म्हणाली. "माणूस जिवंत असताना त्याचा विलाप पुरा वाजवायचा नाही. तुकडे करून शिकायचा. पहिले तुकडे जोडलेस तरी चालतील, शेवटचा वेगळा ठेवायचा. तो कधीही मागच्याला जोडायचा नाही."

"जोडला तर?"

"तर ज्याचा आहे तो ऐकतो, आणि आपलं झालं असं समजून उठून चालायला लागतो."

"मग पाठ कसा करायचा, बाई? एकदाही पुरा न वाजवता?"

"मी आहे ना. शेवटाच्या तोंडाशी आलास की मी हात घालीन."

आणि ती घालायची. लॉर्कन रंगात येऊन त्या जागेपाशी पोहोचला की तिचा उजवा तळवा तारांवर येऊन पडायचा, आणि सगळा हार्प एकदम मुका व्हायचा. तळवा गार असायचा. तारांवरून लॉर्कनच्या बोटांना लागायचा तेव्हा त्याला विहिरीच्या कडेला हात लावल्यासारखं वाटायचं.

वाजवणं त्याला जमत होतं. अडचण गप्प करण्याची होती. पितळी तार एकदा बोलली की बोलतच राहते. पुढचा सूर छेडता छेडता मागच्याला बोटाने दाबायचं असतं, कुणाला लगेच, कुणाला थोडं बोलू देऊन.

"तुझ्या हातात सगळ्या एकदम बोलतात," गोर्मला म्हणायची. "मयताच्या घरी जमलेल्या बायकांसारख्या."

"मला ऐकू येतं हं," बेव्हिन चुलीपासून म्हणायची.

पण सर्वांत बारीक कान वरच्या मजल्यावर होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बेव्हिन वाडगा घेऊन खाली आली ती ओठ दाबून.

"मालक विचारतात, मधेच तारांवरून मांजर गेलं का?"

लॉर्कनचे कान तापले. "त्यांना ऐकू जातंय?"

"फळ्यांचं छत आहे. त्यांना तू नाक शिंकरलेलंही ऐकू जातं."

आपल्या मयताची तालीम माणूस अंथरुणात पडून ऐकतो आहे, हे कळल्यावर लॉर्कनची बोटं जी आखडली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाहीत. पण मालकांना त्यात गोडी लागली होती. रोज निरोप येऊ लागले. मालक म्हणतात, आज बरं होतं. मालक म्हणतात, सोमवारी माणूस मेल्यासारखं वाटत होतं, आज नुसती सर्दी झाल्यासारखं वाटतं. मालक म्हणतात, नीट बसव, मी काही तुझ्यासाठी दुसऱ्यांदा मरणार नाही. एकदा निरोप आला, की माझ्या बापाचा विलाप एवढा संथ नव्हता.

"त्यांच्या बापाला घाई होती," गोर्मला म्हणाली. "घोड्यावरून पडले ते."

हा निरोप बेव्हिन वर घेऊन गेली, आणि वरून हसण्याचा आणि खोकल्याचा मिळून एक विचित्र आवाज बराच वेळ येत राहिला.

थंडी वाढली. सरोवराच्या कडेला बर्फ धरलं. हार्पच्या मधोमध शेजारी शेजारी दोन तारा एकाच सुरात लावतात, त्यांना बहिणी म्हणतात. लावायला बसलं की आधी बहिणी जुळवायच्या, मग बाकीचा गोतावळा. त्यातली एक बहीण रोज उतरू लागली. लॉर्कनने खुंटी काढून पाहिली, खडू लावला, तार बदलली. सकाळी पुन्हा उतरलेली. दोघी एकदम छेडल्या की त्यांच्यामधून एक तिसराच कापरा आवाज निघायचा, लांबून कुणीतरी कण्हल्यासारखा.

"धाकटी निघाली बघ," गोर्मला म्हणायची.

"कुठे?"

"तुला काय करायचंय? तू तिला परत आण."

कुत्रा चुलीपाशी झोपायचा सोडून दारात झोपू लागला. बेव्हिनने एका पहाटे सरोवराच्या बाजूने बान्शीचं रडणं ऐकलं. जुन्या घराण्यातलं माणूस जायचं असलं की ही बाई केस मोकळे सोडून रडते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. बेव्हिन कामाला लागली. चादरी काढून वाऱ्यावर टाकल्या, शेजाऱ्यांची बाकं मागून आणली, मयताला जमणाऱ्यांसाठी मातीचे पाईप आणि तंबाखू आणून ठेवला. तंबाखूचा वास वर गेला, आणि मालकांनी निरोप धाडला की मी मेलेला नसेन तर मलाही एक पाईप द्या.

"खरंच ऐकलंस ना तू बान्शीला?" लॉर्कनने तिला विचारलं.

"माझ्या या कानांनी! मांजर नव्हतं ते."

"मांजर असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणणार होतास."

गोर्मला कोपऱ्यात तिच्या खुर्चीत होती. "बान्शी नावाजलेल्या घराण्यांसाठी रडते," ती म्हणाली. "दलदलीवरच्या माणसांसाठी यायला तिला सवड नसते. आमच्यासारख्यांनी आपली सोय आपणच बघायची."

दोघंही हसले. तीही हसली, मग तिला धाप लागली आणि ती खुर्चीचा हात धरून बसून राहिली.

त्याच दुपारी लॉर्कनने एक गोष्ट विचारली. तो तिच्याबरोबर बरीच वर्षं फिरत होता. कुठल्याही घरात शिरताना ती आत पाऊल टाकायची आणि चौकटीवर हात ठेवून क्षणभर थांबायची. त्याला वाटायचं, आंधळी आहे, उंबरा चाचपत असेल. पण या घरी ती शंभरदा आली असेल. इथला उंबरा तिला पाठ होता.

"त्या दिवशी दारात कशाला थांबला होतात, बाई? मी समजलो तुम्ही आत गेलात."

गोर्मला हातातल्या लोकरीच्या पिशव्या कुरवाळत होती.

"मागून मुरिन येत होती," ती म्हणाली.

रस्सा ढवळणारा बेव्हिनचा डाव थांबला.

"बर्फात गेली ती. रस्त्यावर, दोन घरांच्या मधे. माझे हात असे गारठले होते की बोटं उघडेनात. हार्प होता, मी होते, विलाप येत होता, आणि वाजवता आला नाही. तसंच पुरलं लोकांनी तिला. तेव्हापासून येते मागून. काही त्रास देत नाही. पण थंडीत बाहेर ठेवायची कशी? म्हणून दार धरते जरा."

लॉर्कनने दाराकडे बघितलं. ते लावलेलं होतं. त्या दिवशी त्याने नक्की कुणाच्या तोंडावर लावलं, हा विचार त्याला शिवला आणि त्याने तो पटकन दूर केला. कुत्रा दारातून उठला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

"चल," गोर्मला म्हणाली. "तिसरा तुकडा. आणि आज तरी मधे अडखळू नकोस, वेळ फार नाही."

वेळ फार नाही, हे तर सगळेच म्हणत होते. पण लॉर्कनच्या एका डोळ्याला काही गोष्टी दिसायला लागल्या होत्या आणि त्यांचा अर्थ त्याला लावता येत नव्हता. गोर्मलाची भाकरी ताटात तशीच राहू लागली होती. पाय जोड्यात मावेनात, म्हणून तिने जोडे काढून पायांना कापड गुंडाळलं होतं. मोडलेल्या नखांच्या जागा पावसाळी आभाळासारख्या काळ्या-निळ्या पडल्या होत्या, आणि तिथून नवं काहीच येत नव्हतं.

"वाढत का नाहीत?" त्याने विचारलं.

"त्यांना विचार," ती म्हणाली. "आपण इथून वाजवू."

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, बाहेर पांढरं धुकं, सरोवर दिसत नव्हतं. बेव्हिन कणीक मळत होती. वर मालक खोकत होते आणि लॉर्कन त्या खोकल्याखाली वाजवत होता. इतक्या दिवसांत त्याला त्या खोकल्याची सवय झाली होती. त्याच्या आधाराने तो ताल धरायचा. आज सकाळी बहिणी एका झटक्यात जुळल्या होत्या. पहिला तुकडा हाताखालून पाण्यासारखा गेला. दुसऱ्यात तारा ज्या क्षणी गप्प व्हायच्या त्याच क्षणी गप्प झाल्या. बेव्हिनचे हात कणकेत थांबले. तिसऱ्यात एके ठिकाणी तो किंचित अडखळला, सावरला, आणि शेवटाच्या तोंडाशी आला.

तिथे गार तळवा यायचा. बोटांना इतकी सवय झाली होती की तो येईल या भरवशावर ती धावत होती. तळवा आला नाही. लॉर्कनने डोळा तिरपा करून पाहिलं. गोर्मलाचे दोन्ही हात मांडीवर होते, पिशव्यांत, खाटेवर निजवलेल्या जुळ्यांसारखे. तोंड वर केलेलं, ओठ जरा उघडे.

थांबायला हवं, हे त्याच्या डोक्याला कळलं. बोटं तोवर पुढे गेली होती. शेवटचा तुकडा मागच्याला जोडला गेला आणि असा चपखल बसला, की एवढे दिवस त्यांना वेगळं ठेवलं हेच चुकीचं वाटावं. तो शेवटच्या तारेपर्यंत गेला. सर्वांत खालची, सर्वांत जाड तार. ती मात्र दाबायची नसते; तिला आपलीआपण विझू द्यायचं असतं. ती बराच वेळ घुमली. विझली.

वर खोकला नव्हता.

तिघंही ऐकत होते. एक खोकला पुरला असता, एक कूस बदलल्याचा आवाज. काही नाही.

"मेल्या," बेव्हिन पुटपुटली. कणकेच्या हातांनीच तिने क्रूसाची खूण केली. "मेल्या, पुरा वाजवलास तू!"

लॉर्कनने हार्प भिंतीला टेकवला आणि जिन्याकडे धावला. प्रत्येक पायरीवर त्याला वाटत होतं, की वर पोहोचूच नये. आधी दार लावून हात मोडला, आता वाजवून माणूस मारला. बापाने सांगितलं होतं, पिंपं कर. खोलीचं दार ढकलताना त्याने डोळा मिटून घेतला.

"थंडी आत येतेय," मालक म्हणाले.

ते उशीला टेकून ताठ बसले होते. तोंडात बेव्हिनचा मयताचा पाईप होता, आणि तो ओढत असल्यामुळे ते खोकत नव्हते.

लॉर्कन तिथेच खाली बसला. "मालक, मी पुरा वाजवला. तुमचा विलाप. माझ्या हातून..."

"ऐकला की. छान वाजवलास. डोळ्यांत पाणी आलं माझ्या." मालकांनी पाईप तोंडातून काढला. "पण माझा कुठे होता तो?"

"म्हणजे?"

"आमचा विलाप मी बापाच्या वेळी ऐकलाय, पोरा. तो खालच्या तारांवरून चढत जातो, घोडा टेकडी चढतो तसा. तुकड्यातुकड्यांत मला कळत नव्हतं, म्हटलं म्हातारीने संथ केला असेल. आज सलग ऐकला. यात ना घोडा, ना टेकडी. यात नुसतं कुणीतरी चालतंय. खूप लांबून, पायी." त्यांनी एक झुरका घेतला. "आणि मी मरतोय हे बेव्हिनला कुणी सांगितलं? मी तर नाही."

लॉर्कन जिना उतरला. या वेळी हळू, कारण जिन्याच्या अर्ध्यातच त्याला सगळं समजलं होतं आणि उरलेल्या पायऱ्यांवर ते समजलं नसतं तर बरं, असं वाटत होतं. स्वयंपाकघरात धुकं शिरलं होतं. बाहेरचं दार उघडं होतं, कुणीतरी कुणासाठी तरी धरून ठेवल्यासारखं. बेव्हिन कणकेचे हात तसेच धरून भिंतीला चिकटून उभी होती. कुत्रा कुठेच नव्हता.

गोर्मला खुर्चीत होती. तिने हात पिशव्यांतून काढले होते.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बाई, मालक बरे आहेत. म्हणतात, हा विलाप त्यांचा नाहीच." त्याला पुढचं विचारायचं नव्हतं. "मग कुणाचा आहे?"

"माझा," गोर्मला म्हणाली, "आणि मधे अडखळलास."